कुसाजीचं कडं

लढाई जिंकून फौज छावणीत परतली आणि कुसाजी शिलेदारावर भलतंच बालंट आलं. हैबतराव सरदारांनी भर सदरेत सरलष्करांना सांगितलं, "ऐन गर्दीत हा रण सोडून पळाला."

रण सोडणाऱ्याच्या हातातलं मानाचं कडं सगळ्यांदेखत उतरवायचं, असा त्या फौजेचा रिवाज. कुसाजी तर खिंडीच्या तोंडाशी पाय रोवून उभा होता. पण एवढ्या धुरळ्यात ते पाहिलं होतं कुणी?

"सरकारांनी मला नीट पाहिलं ना?" त्यानं अदबीनं विचारलं.

"न पाहायला काय झालं?" हैबतरावांना चेव आला. "डोळे पांढरे झालेले, कपाळावरचं गंध घामानं नाकापर्यंत ओघळलेलं. छावणीकडे धूम ठोकली होतीस."

"असेलही, सरकार. पण छावणीकडे पळणाऱ्याची पाठ दिसते रणातल्या माणसाला. माझं गंध दिसलं, म्हणजे आपण माझ्याही पुढं छावणीच्या वाटेला लागला होता."

हैबतराव उगाच पागोटं सावरू लागले.

सरलष्करांनी कुसाजीला 'कडं राहू दे' अशी खूण केली आणि मोठ्या आपुलकीनं हैबतरावांकडे वळले. "राव, लढाईतला तो तुमचा घोडा कुठल्या बाजारातून घेतलात? भलताच चपळ दिसतोय."