न चाखलेला मणी

एकदा एका वृद्ध बागाईतदाराकडे एक तरुणी वाइन करण्याची विद्या शिकायला आली. तिचं नाव उर्मिला. वृद्धाला सगळे आबा म्हणत. डोंगराच्या उतारावर त्यांच्या घराण्याचा द्राक्षमळा होता. आबांच्या वडिलांनी लावलेला, आबांनी वाढवलेला आणि आता त्यांचा मुलगा भास्कर सांभाळत असलेला. मळ्यातून दरवर्षी मोजकीच लाल वाइन निघे, पण जाणकार माणसं तिची वाट पाहत.

अशा वाइनचं सारं भवितव्य एका निर्णयावर ठरतं. द्राक्षांची तोडणी, म्हणजे खुडा, कधी करायचा? घाई केली तर ती तुरट राहते, उशीर झाला तर तिच्यातलं चैतन्य हरवतं. म्हणून हंगाम जवळ आला की आबा आणि उर्मिला सकाळी वेलींच्या ओळींतून हिंडत. आबा द्राक्षाचा एक मणी तोडून तिच्या हातावर ठेवत आणि विचारत, "काय म्हणतो?"

ती मणी चावे, बी दाताखाली फोडून पाही आणि उत्तर देण्याआधी आबांच्या चेहऱ्याकडे बघे. पूर्वी त्या चेहऱ्यावर उत्तर दिसायचं. आबा मोठ्या तापातून उठल्यापासून मात्र तिथे काहीच उमटत नसे. आता आपली परीक्षा अधिक कठोर झाली आहे, अशी तिने मनाशी समजूत करून घेतली.

एका वर्षी खुडा तोंडावर आला आणि आभाळ भरून आलं. शेजारच्या बागांमध्ये धांदल उडाली. जो तो मिळतील ती माणसं लावून द्राक्षं उतरवू लागला.

"आबा, उद्याच तोडून घेऊ," भास्कर म्हणाला. "पाऊस झाला तर मणी फुटतील. वर्ष हातचं जाईल."

आबा उर्मिलेकडे वळले. "तू सांग."

तिने मणी तोंडात टाकला. "बी अजून हिरवी आहे, आबा. साल चावली की जीभ ओढली जाते. थांबायला हवं." हे बोलली आणि स्वतःच घाबरली. "पण तुम्ही एकदा चाखून बघा ना."

आबांनी वेलीकडे हातसुद्धा नेला नाही. "थांबायचं," ते मुलाला म्हणाले.

"अहो, तुम्ही मणी तोंडात घातलाच नाही!"

"तिने घातला ना?"

पुढचे दिवस उर्मिलेला अन्न गोड लागेना. भास्कर तिच्याशी बोलेना. ढग डोंगरावर येऊन टेकत, चार थेंब टाकत आणि पुन्हा दाटत. आबा मात्र ओसरीवर शांत बसलेले असत. अखेर वारा फिरला, आभाळ धुतल्यासारखं मोकळं झालं, आणि एका सकाळी उर्मिलेच्या दाताखाली बी कडकन फुटली. भाजल्या शेंगदाण्यासारखी खमंग.

"आज," ती म्हणाली. कुणाच्याही चेहऱ्याकडे न बघता म्हणाली.

द्राक्षं उतरली, रस आंबला, पिंपात मुरला. ऋतू उलटले. तळघरात पहिलं पिंप उघडलं तेव्हा भास्करने एक घोट घेतला, लगेच दुसरा घेतला. मग हलकेच म्हणाला, "आपल्याकडे अशी कधी झाली नव्हती," आणि घरच्यांना बोलवायला वर गेला.

उर्मिलेने तेवढ्यात विचारून घेतलं. "आबा, त्या दिवशी तुम्ही मणी का चाखला नाही?"

"चाखून काय करणार होतो, पोरी? तापात मला वास यायचा बंद झाला, तो परत आलाच नाही. गोड आणि आंबट एवढंच कळतं. बाकी सगळा अंधार."

"मग मला सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस, आणि घाबरलेल्या जिभेला चव कळत नाही," आबा म्हणाले. "तुझी जीभ पहिल्यापासून खरी होती. पण तू मणी चाखायचीस आणि उत्तर माझ्या तोंडावर शोधायचीस. माझ्या तोंडावर काही उरलं नाही, तेव्हा कुठे तू मण्याचं ऐकायला लागलीस. मी तुझं ऐकत राहिलो."

इतके दिवस जिला उर्मिला परीक्षा समजत होती, त्या प्रत्येक सकाळी एका माणसाने आपल्या घराण्याचं नाव निमूटपणे तिच्या जिभेवर ठेवलं होतं. समोरच्या कृश वृद्धाकडे पाहताना तिला डोंगराच्या पायथ्याशी उभं राहून वर बघावं तसं वाटलं.

तिने पेला उचलला, आबांच्या हातात दुसरा दिला आणि एक घोट घेऊन सावकाश बोलू लागली. "आधी जांभूळ येतं, आबा. झाडाखाली पडलेलं, उन्हात तापलेलं. मागून किंचित मिरी."

"आणि गिळल्यावर?"

"गिळल्यावर आपल्या उतारावरचा काळा दगड. संध्याकाळी पाणी शिंपडल्यावर त्याला वास येतो ना, तो."

आबांनी डोळे मिटून घोट घेतला. तिचा एकेक शब्द जिभेवर ठेवावा तसा त्यांनी तो तोंडात घोळवला.

"हो," मग ते म्हणाले. "तोच."