माणिकआळीतली पालथी वाटी

एका राज्यात, ज्याचे नाव तुम्ही विचारू नये आणि मी सांगू नये, टेकडीच्या माथ्यावर चार हवेल्यांची एक आळी होती. तिला माणिकआळी म्हणत. चारही घरांत एकेक माणिक होते. ज्या घरात ते माणिक, त्या घरातली कणगी रिती होत नसे, समईतले तेल सरत नसे आणि माणसाच्या तोंडावर सुरकुती चढत नसे. खालच्या नगरातले लोक माना वर करून टेकडीकडे पाहत आणि सुस्कारे टाकत.

ही माणके आळीला एका मांत्रिकाने दिली होती आणि देताना एक शाप सोबत बांधून दिला होता. शेजारच्या घरात जे दिसेल ते बोलायचे नाही. जो बोलेल त्याच्या जिभेचा दगड होईल. ज्या दिवशी या आळीतले कोणी आपल्याच घरातले झाकलेले पाप चारचौघांत आपणहून उघडे करील, त्या दिवशी शाप फिटेल आणि माणकांचे कोळसे होतील. आळीतले शहाणे हे ऐकून हसले. आपल्या घरची लक्तरे वेशीवर टांगणारा मूर्ख इथे कोण निघणार, असे म्हणून त्यांनी माणके उचलली.

मग त्यांनी समोरासमोरच्या खिडक्या बंद करून घेतल्या. फटी मात्र राहिल्या, आणि प्रत्येक फटीमागे एक डोळा राहिला. सगळ्यांना सगळ्यांचे ठाऊक होते आणि कोणी काही बोलत नव्हते.

बोलणे नव्हते म्हणून वाट्यांची रीत पडली. प्रत्येक हवेलीच्या दरवाजाशेजारी भिंतीत तीन कोनाडे होते, आतून आणि बाहेरून उघडणारे, एकेक शेजाऱ्याच्या नावाचा. सणावाराला पदार्थ भरून वाटी शेजाऱ्याच्या कोनाड्यात ठेवायची. आलेली वाटी रिकामी परत धाडायची नाही, चिमूटभर साखर तरी घालायची. फक्त एका प्रसंगी वाटी रिकामी जाई. ज्या घरी मृत्यू झाला, त्या घरची वाटी धुऊन, पुसून, पालथी ठेवायची. आळीत समाचाराला कोणी जात नसे. पालथी वाटी हाच समाचार.

पहिल्या हवेलीत गंगाजीशेठ जवाहिरे, त्यांची बायको येसाई आणि सून केतकी राहत. मुलगा गलबत घेऊन समुद्रापार गेला होता. चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या दिवशी येसाईने आंबेडाळ वाटली. केतकीने तीन वाट्या तीन घरी ठेवल्या आणि घरी येऊन दरवाजाला आतून अडसर घातला. येसाई देवळात गेली होती. ती माध्यान्हीला परतली तेव्हा केतकीनेच अडसर काढला. आत शिरता शिरता येसाईने कोनाड्यांकडे पाहिले, एक वाटी पाहून तिच्या कपाळाला आठी पडली, आणि ती ओसरीवर आली.

गंगाजीशेठ झोपाळ्यावर बसले होते. झोपाळा हलत होता. शेठ मेलेले होते. ओठ निळे पडले होते आणि मानेत बोटभर लांबीचा काळा काटा रुतला होता. पिंजऱ्यातली साळुंकी, जी दिवसभर घर डोक्यावर घेई, ती दांडीवर गप्प बसली होती. तिने चोच उघडली तेव्हा आतून एक खडा पिंजऱ्यात पडला. तिने पाहिले होते, आणि सांगू गेली होती.

कोतवाल आला. दरवाजाला आतून अडसर होता आणि घरात सून एकटीच होती, म्हणजे खुनी सूनच, असा त्याने सरळ हिशेब केला. राजाने निवाडा दिला की तिसऱ्या दिवशी सूर्य बुडताना केतकीचा कडेलोट करावा. केतकी रडली नाही, ओरडली नाही. जाताना एवढेच म्हणाली, "सासूबाई, साळुंकीला पाणी ठेवा. मी सकाळी विसरले." येसाईने हे ऐकले. या पोरीने मुंगी मारली नसती, हे तिला स्वतःच्या नावाइतके ठाऊक होते.

ती अंगणात बसून राहिली. तेव्हा भिंतीवर एक डोमकावळा येऊन बसला. तो मांत्रिकाचा होता, त्यामुळे माणसासारखा बोलला.

"तीन दारी जा. एका दिवशी एक दार. प्रत्येक दारी एकच प्रश्न विचार."

"आणि तिन्ही दारे गप्प राहिली तर?"

"मग चौथे उरेल," कावळा म्हणाला आणि उडून गेला.

पहिल्या दिवशी येसाई अत्तरवाल्या हैबतशेठच्या दारी गेली. तीस वर्षांत त्या आळीत कोणी कोणाला नावाने हाक मारली नव्हती. तिने मारली. समोरच्या दोन्ही घरांच्या फटींमागे काहीतरी हलले. हैबतशेठ बाहेर आला. माणूस भित्रा, पण मनाचा वाईट नव्हता. येसाईने विचारले, माझ्या धन्याला कोणी मारले. हैबतशेठचे डोळे भरून आले. त्याने घाम पुसला, आणि कोण जाणे कुठून त्याला धीर आला.

"वहिनी, मी त्या वेळी फटीशी होतो. मला दिसले ते..."

पुढचा शब्द आलाच नाही. त्याच्या तोंडात टक्कन आवाज झाला, पाट्यावर वरवंटा आपटावा तसा. त्याने दोन्ही हातांनी गळा धरला आणि तो उंबऱ्यावर खाली बसला. आतून त्याची बायको धावत आली. तिने येसाईकडे असे पाहिले की येसाईला तिथे उभे राहवेना.

दुसऱ्या दिवशी ती दिवाणांची विधवा सगुणाबाई हिच्या दारी गेली. हैबतशेठचे काय झाले ते साऱ्या आळीने फटींतून पाहिले होते. सगुणाबाईने दार उघडलेच नाही. येसाई प्रश्न विचारून वाट पाहत राहिली. मग दाराच्या आत कोणीतरी कपाळ टेकल्याचा आवाज आला, आणि बराच वेळ दबके रडणे ऐकू येत राहिले. येसाईने दाराला हात लावला आणि ती परतली.

घरी येऊन तिने कोनाडे आवरायला घेतले. दोन दिवस तिकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. हैबतशेठच्या कोनाड्यातल्या वाटीत बत्तासे होते आणि त्यांना मुंग्या लागल्या होत्या. सगुणाबाईच्या वाटीत कैरीच्या फोडी सुकून गेल्या होत्या. तिसऱ्या कोनाड्यात राजवैद्य शंभूदेवांनी परत केलेली वाटी होती, धुतलेली, पुसलेली, पालथी.

येसाईचा हात तिथेच राहिला. ती देवळातून आली तेव्हाही ही वाटी अशीच होती. एकट्या माणसाला रीतभात उरत नाही, असे मनात म्हणून तिने आठी घातली होती आणि मग ओसरीवर गेली होती. घरात मृत्यू झाला हे घरच्या बाईला कळायच्या आधी वैद्याने वाटी पालथी घातली होती. वैद्य जन्मभर मरणाऱ्यांच्या घरी गेलेला माणूस. हाताने सवयीप्रमाणे काम केले आणि डोक्याला विचारले नाही. वैद्यांची खिडकी तिच्या ओसरीच्या बरोबर समोर होती, आणि आपण या घडीला तिच्याच समोर उभ्या आहोत हे तिच्या ध्यानात आले. ती भिंतीला पाठ लावून, एकेक पाऊल सरकत घरात गेली.

तरी तिसरे दार उरले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. शंभूदेवांनी स्वतः दार उघडले, पाट मांडला, आणि जागरणाने अंग मोडून आले असेल म्हणून काढ्याचा पेला पुढे ठेवला. काढ्यातून वाफ येत होती. चुलीशी टेकून एक लांब, बारीक फुंकणी उभी होती. येसाईने पेल्याला हात लावला नाही. एकच प्रश्न होता, आणि रात्रभर जागून तिने तो बदलला होता.

"वैद्यराज, आमच्या घराशी तुमचे वैर काय?"

शंभूदेवांनी तिच्याकडे पाहिले. ते रागावलेले दिसत नव्हते, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"वहिनी, ते तुम्हांला ठाऊक आहे."

येसाई उठली आणि कशीबशी रस्त्यावर आली. तिला ठाऊक होते. बारा वर्षे ते तिच्या छातीत बसून होते.

सूर्य कलला. कड्यावर राजा, कोतवाल, सारे नगर आणि माणिकआळी जमली. केतकी कड्याच्या टोकाशी उभी होती आणि वाऱ्याने तिचा पदर दरीकडे उडत होता. येसाई राजापुढे गेली आणि तिने वाटीची हकिगत सांगितली. वाटी तिची, कोनाडा तिचा, म्हणून तिच्या जिभेला काही झाले नाही. राजाने शंभूदेवांना विचारले. ते शांतपणे म्हणाले, "वाटीवरून माणसाचा जीव घेता येत नाही, महाराज." राजाला ते पटले. त्याने सूर्याकडे पाहिले. सूर्य डोंगराला टेकला होता.

येसाईने केतकीकडे पाहिले. मग ती नगराकडे तोंड करून उभी राहिली.

"बारा वर्षांपूर्वी माझ्या धन्याने आपला धाकटा भाऊ मुकुंद याला अंगणातल्या विहिरीत ढकलला. माणिक एक आणि भाऊ दोन, एवढेच कारण होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. समोरच्या फटीतून वैद्यांच्या बायकोने, रेवतीने पाहिले. ती 'विहिरीत' असा एकच शब्द ओरडली आणि तिच्या जिभेचा दगड झाला. तिला घास गिळवेना. सहा महिने खंगत ती उपाशी मेली. तिला बोलायची बंदी होती, मला नव्हती. घर माझे होते. मी बोलले असते तर माझे काहीच झाले नसते. मुकुंद तेव्हा पाण्यात हात मारत होता."

मग चार माणके, जिथे होती तिथे, कोणाच्या बोटात, कोणाच्या गळ्यात, विझली आणि कोळसा झाली. हैबतशेठ खोकला आणि त्याच्या तोंडातून दगड पडला. तो बोलण्यासाठी पुढे आला, पण शंभूदेवांनी हात वर करून त्याला थांबवले.

"मीच मारला. खिडकीच्या फटीतून, फुंकणीने. बारा वर्षे फटीशी बसून मी वाट पाहिली, की त्या घरातले कोणी एकदा तरी हे मोठ्याने म्हणेल. म्हणाले असते तर मी विषाचा काटा घासला नसता." मग ते केतकीकडे वळले. "मुली, तुझ्यावर आळ आला तेव्हाही मी गप्प राहिलो. मीही याच आळीतला निघालो."

राजाने केतकीला मोकळे केले आणि शंभूदेवांना राज्याच्या हद्दीबाहेर घालवले. विहीर उपसून मुकुंदाच्या अस्थी काढल्या गेल्या आणि त्यांना अग्नी मिळाला. आळीच्या खिडक्या उघडल्या, फटी लिंपल्या गेल्या, पिंजऱ्यातली साळुंकी पुन्हा बोलू लागली. कणग्या इतरांच्या कणग्यांसारख्या सरू लागल्या आणि एका आठवड्यात आळीतली सगळी माणसे आपल्या वयाची दिसू लागली. येसाई तर ओळखू येईना, इतकी म्हातारी झाली.

एके दुपारी केतकी तिच्याजवळ ओसरीवर बसली. पुष्कळ दिवस मनात ठेवलेले तिने विचारले, "सासूबाई, तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत? मामंजींची भीती वाटली?"

येसाईने आपले सुरकुतलेले हात उलटे करून पाहिले.

"भीती वाटली असती तर ती कधीतरी ओलांडून बोलले असते गं," ती म्हणाली. "मला तिथे सुख होते."