सहा भावंडांचं गाणं

फार फार जुन्या काळी घडलेलं हे. मुलांनो ऐका, आणि मोठ्यांनो, तुम्हीही.

एका राज्यात एक म्हातारी सारंगीवाली होती. ती गावोगावच्या शाळांत जाई, सारंगी वाजवत गाई आणि आपल्या आईची हकीकत सांगे.

तिची आई लहान असताना तिथल्या राजाने हुकूम काढला, की नदीपलीकडच्या विणकरांपैकी एकही माणूस जिवंत राहता कामा नये. त्यांचा गुन्हा एवढाच, की ते निराळ्या देवाला हात जोडत. शिपायांनी घरंच्या घरं रिकामी केली. त्यातल्या एका घरातली सहा भावंडं मारली गेली. सातवीला, म्हणजे सारंगीवालीच्या आईला, एका कुंभारणीने धान्याच्या कोठीत लपवलं. दोन वर्षं ती पोर भावंडांची नावं मनातल्या मनात गात राहिली, विसरू नयेत म्हणून.

तेच गाणं सारंगीवाली चाळीस वर्षं गात होती. प्रत्येक वेळी जखम नव्याने उघडे. घरी परतली की दोन दोन दिवस तिला अंथरुणातून उठवत नसे.

एकदा एका शाळेत मुलं जांभया देऊ लागली. गुरुजी हळूच म्हणाले, "आजी, काहीतरी आनंदाचं वाजवा ना. किती जुनं झालं हे!"

तिने गाणं कसंबसं पुरं केलं आणि सारंगी गवसणीत घातली. 'आता पुरे,' तिने ठरवलं.

फाटकाशी एक मुलगी आडवी आली. "आजी, माझे पणजोबा त्या शिपायांत होते. घरात कुणी बोलत नाही त्याबद्दल. मी काय करू?"

म्हातारी तिथेच पायरीवर बसली. रागावण्याइतकंही बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"तू तिथे नव्हतीस, बाळ," ती म्हणाली. "पण आता तुला ठाऊक आहे."

"मग मला ते गाणं शिकवा."

"सहा नावं आहेत त्यात. एकही गाळायचं नाही."

मुलगी वर्षभर येत राहिली. बोटं सोलवटली. वडिलांनी बोलणं टाकलं. तिने शिकणं सोडलं नाही.

मग एका शाळेत गाता गाता म्हातारीचा हात थांबला, तो तिला पुन्हा उचलवेना. मुलीने सारंगी घेतली. सहाही नावं गायली. शेवटी आपल्या पणजोबांचं नाव सांगितलं, आणि त्यांनी काय केलं तेही.

म्हातारी मुलांमध्ये जमिनीवर बसून ऐकत होती. तिचा थकवा गेला नाही, दुःख तर नाहीच. पण पुढच्या गावाला ती मुलगी एकटी गेली.

दुसऱ्याने सोसलेलं नुसतं ऐकून भागत नाही. ते खरेपणाने पुढे सांगणं हे ऐकणाऱ्याचं काम आहे.