कड्याच्या काठावरचा देव

कुसरीच्या पठारावर चढून आलेले लोक आधी देवळात जातात आणि गोंधळून बाहेर येतात. देऊळ झाडलेले असते, चौथरा सारवलेला असतो, दारावर म्हशींच्या गळ्यातल्या घंटा टांगलेल्या असतात. पण आत देव नसतो. देव बाहेर आहे. जिथे पठार संपते आणि पुढे नुसते धुके दिसते, तिथे कड्याच्या अगदी काठावर एक काळा गोल दगड जरासा कलून बसला आहे. वर छप्पर नाही, बाजूला भिंत नाही. लावलेला शेंदूर दर पावसाळ्यात धुऊन जातो.

"देव चोरीला गेला होता का हो?" असे कुणी विचारले की जानूआजोबा आधी हसून घेतात. वस्तीतले सर्वांत म्हातारे तेच. "चोरीला नव्हे," ते म्हणतात, "एका बाईनं फेकून द्यायला काढला होता." मग पाहुणे मुकाट्याने खाली बसतात.

फार जुनी गोष्ट सांगतात. तेव्हा धनगरांची घरे पठारावर नव्हती. वारा लागू नये म्हणून ती मागच्या उतारावर, झाडीत बांधलेली होती. म्हशी राखायच्या आणि तूप कढवून पायथ्याच्या गावात विकायचे, हा त्यांचा धंदा. देव तेवढा वर एकटा. घरात मूल जन्मले, सून आली, पहिलारू म्हैस व्याली, की त्या घराने एक घंटा देवळाच्या ठेंगण्या दारावर बांधायची. आत-बाहेर करताना मात्र खूप वाकायचे, घंटांना डोके लागू द्यायचे नाही. सगळ्या घंटा एकदम वाजल्या तर देवावर संकट आले असे समजायचे, आणि मग वस्तीतल्या प्रत्येकाने वर धावायचे. आजारी असो की बाळंतीण, मागे कुणी राहायचे नाही. तशी वेळ कुणाच्या हयातीत आली नव्हती म्हणे.

त्या वस्तीत ठकू नावाची सून होती. तिला एकच मुलगी. भाद्रपदात पठारावर सोनकीची पिवळी फुले येतात, त्या दिवसांत जन्मली म्हणून तिचे नाव सोनकी. एका आषाढात पोरीला ताप भरला. ओढ्याला पूर होता, वैद्याकडे जायची वाट बंद. ठकू भिजत वर गेली आणि देवापुढे डोके टेकून म्हणाली, "जास्त मागत नाही. पाणी उतरेपर्यंत राख तिला."

पाणी उतरले, तेव्हा सोनकी नव्हती.

ठकू रडली नाही, असे सांगतात. ती धारा काढत होती, भाकऱ्या थापत होती, विचारले तेवढ्याला उत्तर देत होती. बायका दबकत म्हणायच्या, "ही रडली असती तर बरं झालं असतं."

भाद्रपद लागला. सलग पडणाऱ्या पावसाने एका दुपारी उघडीप दिली. वस्तीच्या म्हशी चारायची पाळी ठकूची होती. ती म्हशी घेऊन वर आली आणि थबकली. सगळे पठार पिवळे झाले होते. मागच्या वर्षी हीच फुले तिने सोनकीच्या वेणीत माळली होती. फुले वेळेवर आली होती, एक दिवसही न चुकता. 

ती सरळ देवळात शिरली. देवाला दोन्ही हातांनी धरून हलवले. दगड खाचेत नुसता बसवलेला होता, तो सुटला. तिने तो उचलून कडेवर घेतला, आणि तिला धसका बसला. वजन जवळजवळ सोनकीएवढेच होते.

तशीच ती बाहेर निघाली. वाकायचे भान राहिले नाही. तिचे डोके घंटांवर आदळले आणि दारावरच्या झाडून साऱ्या घंटा एकदम वाजल्या. कुणाच्या जन्माची, कुणाच्या लग्नाची, सोनकीच्या बारशाचीही त्यातच होती. तो आवाज उतारभर गेला.

खाली लोकांनी हातातले काम टाकले. चुलीवरचे दूध तसेच उतू गेले म्हणे. ओली बाळंतीण पोर पोटाशी धरून निघाली. ठकूच्या सासूचे, भागूचे, पाय गेलेले होते. तिला तिच्या मुलाने, म्हणजे ठकूच्या नवऱ्याने, धाकलूने, पाठीवर घेतले.

सगळे धापा टाकत वर पोचले आणि जागच्या जागी उभे राहिले. वाघ नव्हता, वणवा नव्हता. ठकू कड्याच्या टोकाशी उभी होती आणि तिच्या कडेवर देव होता. एवढा वेळ ती तशीच उभी होती. फेकायचे ठरवून आली होती, पण हात सुटत नव्हता.

देवाचा पुजारी कोंडूबाबा. त्याने दोन्ही हात पुढे केले. "ठकू, खाली ठेव त्याला."

"खालीच ठेवणार आहे," ठकू म्हणाली. "पार खाली."

धाकलू पुढे सरकला, तशी भागू त्याच्या पाठीवरूनच म्हणाली, "थांब रे. तिचं भांडण तिला करू दे." मग सुनेला म्हणाली, "टाकायचा तर टाक, बाई. पण त्याचं काय चुकलं ते आमच्यासमोर सांग."

"काय चुकलं?" ठकूचा आवाज फाटला. "लगीन होऊन आले त्या साली सगळ्या म्हशी खुरकतीनं बसल्या."

"बसल्या. आणि दिवाळीला उठल्यासुद्धा."

"दुष्काळात झरा आटला."

"तुझ्याच हातानं दुसरा सापडला की."

"पहिलं पोर पोटातच गेलं, आत्या."

"गेलं," भागू हळूच म्हणाली. "मग सोनकी आली."

"तीही गेली."

कोंडूबाबाने मान खाली घातली. असे सांगतात की तेवढ्या माणसांत एकालाही उत्तर सुचले नाही.

आणि त्या शांततेत मागून आवाज आला.

ढगांचा नव्हे. जमिनीच्या पोटातून आल्यासारखा, लांबत जाणारा. पायाखालची माती थरथरली. सगळे वळले. मागचा उतार झाडांसकट खाली चालला होता. झाडे उभीच्या उभी सरकत होती. घरे, गोठे, चुली, अंगणातल्या तुळशी, सगळे लाल चिखलात गेले. मग आवाज थांबला, आणि वस्ती होती तिथे नुसता ओला उघडा डोंगर राहिला.

बायांनी आपापली पोरे चाचपली, मग शेजारणीची चाचपली. बाळंतिणीने बाळाच्या नाकाशी बोट धरले. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. सगळे होते. म्हशीसुद्धा पठारावर चरत होत्या. मागे एकही जीव राहिला नव्हता.

मग हळूहळू सगळे ठकूकडे वळले. देव अजून तिच्या कडेवर होता. ती त्याच्याकडे असे बघत होती, की जणू तो आत्ताच कुणीतरी तिच्या हातात दिला आहे.

"म्हणजे तू होतास," ती म्हणाली. मग अगदी हलक्या आवाजात, "आणि तेव्हा?"

देव काही बोलला नाही. हे जानूआजोबा मुद्दाम सांगतात. काही जण इथे आकाशवाणी झाली म्हणतात, ते त्यांना पटत नाही. ठकू मात्र तिथेच खाली बसली आणि आषाढापासूनचे सगळे रडली.

रडणे ओसरल्यावर तिने देव काठावर टेकवला. कोंडूबाबा त्याला उचलून देवळात न्यायला आला, तर तिने हात आडवा धरला. "आत नको. इथं बसू दे. ऊन, पाऊस, थंडी, सगळं आमच्याबरोबर काढू दे त्याला."

कोंडूबाबाने भागूकडे पाहिले. "माझ्याकडे काय बघतोस?" ती म्हणाली. "घरात मी तिचं ऐकते. त्यालाही ऐकावं लागेल."

पुढे लोकांनी पठारावरच घरे बांधली. ठकूला आणखी मूल झाले की नाही, याबद्दल दोन मते आहेत. आजोबांना विचारले तर ते म्हणतात, "ठाऊक नाही. झालं असलं तरी ते सोनकीच्या जागी थोडंच होतं?" पण दर भाद्रपदात ती काठावर यायची आणि देवाला वस्ती वाचल्याची आणि सोनकी गेल्याची, दोन्ही गोष्टी ऐकवायची, असे सांगतात.

आजही कुसरीत नवी सून आली की बाया तिला काठावर आणतात आणि देव कडेवर घ्यायला लावतात. मूल झाले की पुन्हा, आणि घरातले कुणी गेले की पुन्हा. देवाशी काय बोलायचे ते तिला कुणी शिकवत नाही. रागाचे असले तरी चालते. म्हाताऱ्या बाया नुसत्या तिच्या मागे उभ्या असतात, तिचा पदर मुठीत घट्ट धरून, तिचा पाय काठावरून सरकू नये म्हणून.