मेहानाचं नीरफणसाचं रोप

निळ्याशार समुद्रात एका एवढ्याशा बेटावर मेहाना राहायची. तिला आईबाप नव्हते. होते ते फक्त आजोबा, साऱ्या बेटाला होडी हाकायला शिकवणारे. त्या वर्षी वादळाने बेटावरची सगळी झाडं आडवी केली. उपाशीपोटी किती दिवस काढणार? लोकांनी दोन होड्या शेजारी शेजारी बांधल्या, वर शीड चढवलं आणि नवं बेट शोधायला निघायचं ठरवलं.

बागेत नीरफणसाचं एकच चिमुकलं रोप वाचलं होतं. मेहाना ते ओल्या कापडात गुंडाळत होती, तोच पानाआडून सोनेरी पंखांची इवलीशी परी बाहेर आली.

"स्वतःची तहान मारून तू याला पाणी पाजलंस," परी म्हणाली. "एक वर माग. पण जे माणसांच्या हातून होईल, ते मागायचं नाही. मागितलंस तर वर फुकट जाईल."

"मग मी जपून मागेन हं."

परी रोपासोबतच होडीत बसली. पुढे पाणीच पाणी, आणि प्यायला मात्र घोटभर. त्यातलंही अर्धं मेहाना रोपाला घाली. तरी पानं गळत चालली. लोकांचा धीर सुटला.

"पोरी, परीकडे बेट माग," ते विनवू लागले.

आजोबा होडीच्या तळाशी डोळे मिटून आडवे पडले होते. झोपलेत म्हणता? छे, ते पाठीने लाटा ओळखत होते.

"आजोबा, बेट मागू?"

"लाट कुठेतरी आपटून माघारी येतेय, बाळा. पुढे जमीन आहे. ती आपण गाठू."

मेहानाला भीती वाटली, पण तिने आजोबांवर विश्वास ठेवला. इतक्यात रोपाचं शेवटचं पान गळालं.

"बेट आम्ही शोधू," ती परीला म्हणाली. "वाळलेलं रोप जगवणं आमच्या हातात नाही. याला जगव."

परी हसली. तिने काटकुळ्या खोडाचा पापा घेतला. लख्ख, मोतिया उजेड पडला, आणि परी त्यात विरून गेली. खोडावर हिरवा कोंब डोलत होता.

दुपार कलली तसे पांढरे पक्षी दिसले, मग डोंगर.

आज त्या झाडाची फळं सारं बेट खातं. सावलीत खेळणारी मुलं म्हाताऱ्या मेहानाला विचारतात, "आजी, हे बेट परीने दिलं ना?"

मेहाना पाठ ताठ करून बसते.

"परीने झाड दिलं, बाळांनो. बेट आपण शोधलं."