लाइट गेल्यावर

"लाइट गेल्यावर चष्मा कशाला घालायचा, वस्ताद?"

शार्दूल तारळेकर हसत विचारत होता. इंजिनिअरिंगला पहिला आलेला हा मुलगा चार महिन्यांपूर्वी शिरोलीच्या कारखान्यात लागला होता. तिथं दस्तगीर वस्ताद लेसरनं गिअरचे दात कडक करायचे. वस्ताद शिकलेले सातवी. त्यांच्या हाताखाली शिकणं शार्दूलला जरा जडच जात होतं.

यंत्र त्याला तोंडपाठ होतं. नखाएवढ्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या. त्यांत वीज शिरली की थेट उजेड निघतो, भिंगं तो एका ठिपक्यात आणतात. मागून पाणी खेळतं म्हणून पट्ट्या जळत नाहीत. ठिपका फिरेल तिथं पोलाद लाल होतं आणि आपोआप निवतं. हा उजेड माणसाला दिसत नाही, हेही त्यानं परीक्षेत लिहून मार्क घेतले होते.

आज दुपारी तो कमी ताकदीवर ठिपका जुळवत होता. दार उघडं ठेवूनही यंत्र चालावं म्हणून दाराचा स्विच त्यानं चिकटपट्टीनं दाबून टाकला होता. शहाण्यांनाच सुचतं असलं. तेवढ्यात शेडमधल्या ट्यूब विझल्या, लाइट गेली म्हणून कुणीतरी ओरडलं. अंधारात दिसेना, म्हणून त्यानं गडद चष्मा काढला आणि चकचकीत दातावर वाकून पाहिलं.

यंत्र बॅटरीवर चालूच होतं.

"काय दिसलं?" त्याचं हसणं थांबायच्या आत वस्तादांनी विचारलं.

"काहीच नाही. दुखलंसुद्धा नाही."

"डावा डोळा झाक. माझ्याकडं बघ... काय दिसतंय?"

"टोपी. खांदे. मागची भिंत..."

तो थांबला. टोपी आणि खांद्यांच्या मध्येही भिंतच होती.

त्यानं हात काढला, चेहरा आला. पुन्हा झाकला, चेहरा गेला. पाण्याचा पंप तेवढा घरघरत होता.

वस्तादांनी त्याला स्टुलावर बसवलं. डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायला गाडी मागवलीय म्हणाले.

"परत येईल ना, वस्ताद?"

"सरळ बघू नकोस. जरा कडेनं बघ, म्हणजे दिसंल. चार महिने तुझं तोंड मी तसंच बघतोय."