गुंजीचा लाल मोजा

शेताच्या बांधाला एक बीळ. बिळात राहायची एक उंदरी. गुंजेएवढी. म्हणून नाव गुंजी.
गुंजीचं एक पिल्लू. तिच्याहून इवलं.

थंडी आली. वारा सुटला. सूं सूं सूं!
पिल्लू कुडकुडलं. हुडहुड, हुडहुड.
"आई, थंडी!"

गुंजीने मोबाईल उघडला. मोबाईलवर एक चित्र. लाल लाल मोजा. लोकरीचा. खाली लिहिलेलं – जुना मोजा. नव्यासारखा उबदार. शेजारी विकणाऱ्याचा फोटो. पांढरा पांढरा ससा. गोड हसणारा.
ससा फोनवर म्हणाला, "आधी शेंगदाणे पाठव. लवकर पाठव. दुसरेही मागतायत!"
गुंजी घाबरली. मोजा गेला तर? तिने टपाल पोचवणाऱ्या पारव्याबरोबर सगळे शेंगदाणे पाठवले. थंडीभर पुरणारे. एकही ठेवला नाही.

पारवा खोकं घेऊन आला. धप्प!
"उघडून बघू?" गुंजी म्हणाली.
"नंतर बघ. मला घाई आहे." फडफड, फडफड. पारवा गेला.
गुंजीने दोरा सोडला. खोकं उघडलं.
आत मोजा नाही. आत एक दगड. आणि वाळलेला पाला.
गुंजीने सशाला फोन लावला. ट्रिंग ट्रिंग. कोणी उचलेना. चित्र बघायला गेली. चित्र पुसलेलं. ससाही पुसलेला.
"आई, थंडी!" पिल्लू म्हणालं.

गुंजी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.
पारवा वडावर बसला होता.
"पारवेदादा, पारवेदादा, दाणे गेले, मोजा मिळेना. पिल्लाची थंडी जाईना. खोकं कुठून आणलंस? वाट दाखव ना!"
पारवा म्हणाला, "मी पोचवतो. मी विचारत नाही. त्यात माझं काय गेलं?"

गुंजी वडाकडे वळली.
"वडआजोबा, वडआजोबा, दाणे गेले, मोजा मिळेना. पारवा वाट दाखवेना. पिल्लाची थंडी जाईना. पारव्याला हलवा ना!"
वड म्हणाला, "शंभर पाखरं बसतात. कोणाकोणाला हलवू? त्यात माझं काय गेलं?"

बिळात पिल्लू कुडकुडलं. हुडहुड, हुडहुड. "आई... थंडी..."

गुंजी वारुळाकडे गेली. लुटुलुटु, लुटुलुटु.
"वाळवीताई, वाळवीताई, दाणे गेले, मोजा मिळेना. पारवा वाट दाखवेना. वड पारव्याला हलवेना. पिल्लाची थंडी जाईना. वडाला पोखर ना!"
वाळवी म्हणाली, "माझं पोट भरलंय. त्यात माझं काय गेलं?"

गुंजी उकिरड्यावर गेली. लुटुलुटु, लुटुलुटु.
"कोंबडीकाकू, कोंबडीकाकू, दाणे गेले, मोजा मिळेना. पारवा वाट दाखवेना. वड पारव्याला हलवेना. वाळवी वडाला पोखरेना. पिल्लाची थंडी जाईना. वाळवीला टिपा ना!"
कोंबडी फिसकन हसली. "न बघता दाणे दिलेस? सगळे? अगं, मी खडासुद्धा उलटून बघते! आता रडून काय? त्यात माझं काय गेलं?"

बिळात पिल्लू कुडकुडलं. "आई..." एवढंच म्हणालं.

गुंजी अंगणात गेली. लुटुलुटु, लुटुलुटु.
"कुत्रेभाऊ, कुत्रेभाऊ, दाणे गेले, मोजा मिळेना. पारवा वाट दाखवेना. वड पारव्याला हलवेना. वाळवी वडाला पोखरेना. कोंबडी वाळवीला टिपेना. पिल्लाची थंडी जाईना. कोंबडीला पळव ना!"
कुत्र्याने एक डोळा उघडला. "आत्ताच ऊन लागलंय अंगाला. त्यात माझं काय गेलं?"
डोळा मिटला. घुर्र, घुर्र.

गुंजीने कान टवकारले.
बिळातून आवाज नाही. हुडहुड नाही. "आई" नाही.
गुंजी मटकन खाली बसली.

तेवढ्यात कुत्र्याच्या कानातून कोणीतरी उडालं. टुणुक!
पिसू होती. तिळाएवढी.
"काय झालं गं?"
गुंजी हळू आवाजात म्हणाली, "पिसूबाई, पिसूबाई, दाणे गेले, मोजा मिळेना. पारवा वाट दाखवेना. वड पारव्याला हलवेना. वाळवी वडाला पोखरेना. कोंबडी वाळवीला टिपेना. कुत्रा कोंबडीला पळवेना. पिल्लाची थंडी जाईना."
आणि मग आपणच म्हणाली, "त्यात तुझं काय गेलं, नाही का?"
पिसू म्हणाली, "माझंही गेलंय. घोंगडीचा तुकडा देतो म्हणाला. पाला पाठवला. पांढरा ससा ना? गोड हसणारा? लाजेने मी कोणाला बोलले नाही."
"मीही बोलले नसते," गुंजी म्हणाली. "पण पिल्लू कुडकुडतंय."
"चल, उठ!"

टुणुक! पिसू कुत्र्याला चावली. चट्!
"आईगं! चावू नको, पळवतो कोंबडीला!"
कुत्रा कोंबडीमागे. भू भू!
"पळवू नको, टिपते वाळवीला!"
कोंबडी वाळवीमागे. टक टक!
"टिपू नका, पोखरते वडाला!"
वाळवी वडाला लागली. कुरकुर कुरकुर!
"पोखरू नको, हलवतो पारव्याला!"
वड हलला. गदागदा!
"हलवू नका, दाखवतो वाट!" पारवा म्हणाला. "पण मी ससा पाहिला नाही हं. नुसता एक पंजा पाहिला."

पारवा पुढे. गुंजी मागे. कुत्रा तिच्या मागे. पिसू कुत्र्याच्या कानात.

पडक्या गुऱ्हाळामागे एक पिंप आडवं पडलेलं. आत काळोख. काळोखात दोन हिरवे डोळे.
"आलीस, गुंजी?" गोड आवाज आला. "मोजा आत आहे. ये, आत ये. एकटीच ये हं."
गुंजीला मोजा हवा होता. लगेच हवा होता.
ती पुढे गेली नाही.
"तू बाहेर आण. आधी दाखव."
पिंपातून पंजा आला. नखं आली. मिशा आल्या.
ससा नव्हताच. बोका होता!
"भूऽऽ!" कुत्रा भुंकला.
बोका पळाला. झाडाझुडपांतून पळाला. दिसेनासा झाला.

पिंपात लाल मोजा होता. घोंगडीचा तुकडा होता. शेंगदाणे थोडेच होते. बाकी नुसती टरफलं.
आणखी कोणाकोणाचं काय काय होतं. एक इवलं पांघरूणही होतं. ते मागायला कोणीच आलं नव्हतं.

उरलेले दाणे मोज्यात टाकून गुंजी मोजा ओढत धावली. लुटुलुटुलुटुलुटु.
पिल्लू गार पडलं होतं. गुंजीने त्याला मोज्यात घातलं. आपणही शिरली. पोटाशी धरलं. फुंकर घातली. हू... हू... हू...
पिल्लू हलेना.
हू... हू... हू...
मिशी हलली.
"आई. भूक."
गुंजीने एक शेंगदाणा दिला.

पिल्लाच्या शेपटीचं टोक मात्र गारठलं ते गारठलंच. काळं पडलं. ते परत गुलाबी झालं नाही.

पुढे मोबाईलवर दुसरं चित्र आलं. जुनी वाटी. नव्यासारखी.
"आई, घेऊया?" पिल्लू म्हणालं.
गुंजीने शेपटीच्या काळ्या टोकाला हात लावला.
"आधी बघू. हाताने चाचपू. पिसूमावशीला बरोबर नेऊ. मग दाणे."
"आणि घाई कर म्हणाला तर?"
"तर घरी येऊ."

गोष्ट शिरली मोज्यात. झोप शिरली डोळ्यांत.